आमच्या गावात नांगर नव्हता

हा इंग्रजी वाक्प्रचार मी सत्तावीस वर्षं शाळेत शिकवला आणि तो मला एक दिवसही पटला नाही. 'टू पुट वन्स हँड टू द प्लाऊ.' शब्दशः अर्थ, नांगराला हात घालणे. व्यवहारातला अर्थ, एखादं काम अंगावर घेतलं की तन-मन-धन ओतून ते तडीला नेणे, मागे वळून न पाहणे. मी हे फळ्यावर नीट लिहून द्यायची, मुलींकडून वाक्यं करून घ्यायची आणि वाक्य जमलं की गुणही द्यायची. पण दर वर्षी खडू खाली ठेवताना माझं डोकं तापायचं. मागे वळून न पाहणे हा तुकडा कुण्या दीडशहाण्याने त्यात घुसडला असेल, त्याला एकदा आमच्या बांधावर आणून उभं करावं असं वाटायचं.

हा वाक्प्रचार मला पहिल्यांदा भेटला तो अकरावीच्या वर्गात. अकरावी म्हणजे तेव्हाची मॅट्रिक. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली होती. आमचं गाव अलिबागच्या वरच्या अंगाला, खारेपाटात, आणि शाळा तिथून दीड तासाच्या चालीवर. गावातून त्या शाळेत जाणारी मुलगी मी एकटी. वर्गात आणखी पाच मुली होत्या, पण त्या शाळेच्याच गावच्या, घरून चार पावलं चालत येणाऱ्या. मी पोटरीपर्यंत चिखल घेऊन यायची, शाळेच्या पिंपातलं पाणी पायांवर ओतायची आणि ओल्या पायांनी वर्गात शिरायची. माझ्या बाकाखाली कायम थारोळं असे, आणि त्यावरून मुलगे मला जे काही म्हणत ते मी इथे लिहिणार नाही.

इंग्रजीचे सर घाटावरचे. उंच, खणखणीत आवाजाचे, आणि शिकवण्यात खरोखर जीव ओतणारे. हे मला तेव्हाही कबूल होतं. त्यांच्याकडे वाक्प्रचारांची एक जाड वही होती. त्यातला नांगराचा वाक्प्रचार आला आणि सर रंगात आले. नांगर धरलेला शेतकरी समोर बैलांकडे बघतो, मागे बघू लागला तर तास वाकडा जातो, वगैरे त्यांनी हातात काल्पनिक नांगर धरून चालून दाखवलं. मग म्हणाले, "तुम्ही सगळी शेतकऱ्यांची मुलं. घरोघरी नांगर आहे. तुम्हाला हे मी काय सांगावं?"

मी उभी राहिले. "सर, आमच्या घरी नांगर नाही."

"का? मोडला?"

"गावातच नाही. कोणाकडेच नाही."

"मग भात काय हवेत पिकवता?"

"नाही सर. चिखलात."

वर्ग फिदीफिदी हसला. सरांना वाटलं मी त्यांची थट्टा करते आहे. त्यांनी मला माफी मागायला सांगितलं. खरं बोलल्याबद्दल माफी कसली मागायची, ते मला कळेना, म्हणून मी मागितली नाही. उरलेला तास मी व्हरांड्यात उभी होते.

सरांना माहीत नव्हतं यात त्यांचा दोष नाही. पण माहीत नसताना ते इतके खात्रीने बोलले, याचा मला राग आला होता. आमची जमीन समुद्राकडून उसनी घेतलेली. खाडीच्या कडेने मातीचा बांध, बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी. त्या जमिनीत नांगर घातला तर खालचा खार वर येतो. म्हणून पावसाने माती भिजून लोण्याइतकी मऊ झाली की मोड आलेलं भात मुठीने चिखलात फेकायचं. ना नांगरणी, ना लावणी. तुम्ही म्हणाल, मग तुम्हाला कष्टच नाहीत. आमचे कष्ट सगळे बांधावर. उन्हाळाभर बांधाला माती चढवायची, आणि पाऊस सुरू झाला की उधाणाच्या प्रत्येक दिवशी त्याच्यावर डोळा ठेवायचा. खेकडे बांधाला भोकं पाडतात. भोकातून पाणी झिरपतं, माती ढासळते आणि बघता बघता बांध फुटतो. फुटलेल्या जागेला आम्ही खांड म्हणतो. खारं पाणी एकदा आत शिरलं की त्या वर्षीचं भात तर जातंच, पुढची दोन वर्षंही तिथे धड काही उगवत नाही.

खांड पडली की काय करायचं याचा नियम होता, आणि तो कुठे लिहिलेला नसला तरी गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. ज्याने खांड पहिल्यांदा पाहिली त्याने गावाकडे पळायचं नाही. आधी स्वतः खांडीत उतरायचं, पाठ समुद्राकडे आणि तोंड शेताकडे करून पाणी अंगाने अडवायचं, आणि मग ओरडायचं. ऐकणारे येतील ते त्याच्या शेजारी उतरतील, खांद्याला खांदा लावतील, आणि बाकीचे त्या माणसांच्या भिंतीपुढे पेंढा आणि चिखलाची ढेपं रचत जातील. रांगेत उभं राहिलेल्याने खांड बुजेपर्यंत हलायचं नाही. एक माणूस निघाला तर पाणी तिथून घुसतं आणि बाकीचे आडवे होतात. रांगेत पुरुष उभे राहत, बायका चिखल पुरवत. आणि त्या रांगेतला प्रत्येक माणूस सारखा मागे वळून बघत असे, कारण लाट मागून येते. न बघणाऱ्याच्या नाकातोंडात पाणी जातं. सरांच्या वाक्प्रचारावर माझा राग होता तो एवढ्याचसाठी. झोकून देणं म्हणजे काय हे आम्हाला त्यांच्याकडून शिकायचं नव्हतं, आणि आमचं झोकून देणं मागे बघत बघतच चालायचं.

त्या वर्षी मला एकच गोष्ट हवी होती. मॅट्रिकच्या फॉर्मवर इंग्रजी विषय. तेव्हा मॅट्रिकला इंग्रजी घेतलंच पाहिजे असं नव्हतं. त्याऐवजी दुसरा सोपा विषय घेऊन पास होता येई, आणि खेड्यातली पुष्कळ मुलं तेच करत. पण मग कॉलेजचं दार बंद. मला ते दार हवं होतं. कॉलेज मी पाहिलंही नव्हतं, पण ते आपल्यासाठी नाही असं जो तो मला इतक्या मायेने समजावत होता की मला दुसरं काही सुचेना. शाळेने अट घातली होती, सहामाहीत इंग्रजीत पास झालीस तरच फॉर्मवर इंग्रजी. दहावीत मी त्या विषयात दोनदा आपटले होते, आणि शाळेला आपला निकाल खाली आणायचा नव्हता.

घरी तीन मतं होती. वडील मुंबईला गोदीत कामाला. ते गणपतीला आणि शिमग्याला येत आणि पत्रात लिहीत, दादा म्हणतील तसं करा. दादा म्हणजे माझे थोरले काका. घर त्यांच्या शब्दावर चाले, बांधही त्यांच्याच शब्दावर, आणि शाळेच्या दप्तरात माझे पालक म्हणून नाव त्यांचं. त्यांचं म्हणणं, पोरगी मॅट्रिक झाली म्हणजे डोक्यावरून पाणी, इंग्रजीचं खूळ कशाला. आणि आईचं मत फक्त मला माहीत होतं, कारण आई काकांसमोर बोलतच नसे. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा, समोर उभं राहायचं नाही, काही सांगायचं तर मुलांकरवी सांगायचं, ही आमच्याकडची रीत. सतरा वर्षं आईने ती पाळली. काका ओटीवर असले की ती मागच्या दाराने ये-जा करायची. मला मात्र चुलीपुढे बसवून म्हणायची, "तू इंग्लिश घे. बाकी मी बघते." काय बघणार होती कोण जाणे.

सहामाहीचा इंग्रजीचा पेपर घट बसल्याच्या दुसऱ्या दिवशी आला. दुपारी बारा ते तीन. मी नऊच्या सुमाराला निघाले. शाळेची वाट बांधावरूनच जायची. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे उधाण भरात, पाणी चढायला लागलं होतं. भात पोटरीला आलेलं, म्हणजे कणसं बाहेर पडायच्या बेतात. मी वाक्प्रचारांची यादी पुटपुटत चालले होते आणि तेवढ्यात शेताच्या बाजूला, जिथे पाणी असायला नको, तिथे पाणी उसळताना दिसलं. खेकड्याचं भोक. मी बघत असतानाच वरची माती बसली आणि हातभर रुंदीची खांड पडली.

इथे मी फार थोर वागले असं कोणी समजू नये. मी चार पावलं पुढे गेले होते. अगदी स्पष्ट आठवतं, मी स्वतःला सांगितलं, तू पाहिलंच नाहीस. पाचव्या पावलाला माझी मलाच इतकी चीड आली की मी परत फिरले, दप्तर बांधावर ठेवलं, साडीचा पदर खोचला आणि खांडीत उतरले. मग बोंब मारली.

माझी चूक झाली ती हिशेबात. मला वाटलं, मोठी माणसं आली की मी बाहेर. पहिल्यांदा काकाच आले, शेजारच्या शेतात होते ते. त्यांच्यामागून गडीमाणसं. खांड एव्हाना दोन माणसं आडवी झोपतील एवढी रुंद झाली होती. काका माझ्या उजव्या हाताला उतरले, त्यांच्यापुढे आणखी सहाजण. मी निघायला पाय उचलला तर काका ओरडले, "हलू नको! तू कडंला हायेस, कड सुटली तर समदा बांध जाईल."

खरंच होतं ते. नियमात मुलगी-मुलगा असं काही नव्हतं, कारण मुलगी खांडीत उतरेल हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. जो आधी उतरला तो शेवटपर्यंत. मी उभी राहिले. पाणी कमरेला आलं. बायका टोपल्या घेऊन धावत आल्या, त्यांत आईही होती. पेंढा पडत होता, ढेपं पडत होती, पाणी निम्मं वाहून नेत होतं. मी मान वळवून मागे लाटेकडे बघायची, मग वर उन्हाकडे. ऊन चढत होतं. दीड तासाची वाट होती आणि अकरा वाजायला आले असावेत.

"काका, माझा पेपर हाय," मी म्हणाले.

"भरती थांबंल काय तुझ्या पेपरासाठी?"

"कुणी तरी माझ्या जागी उभं राहा ना."

समोरचे गडी चिखल टाकण्यात गुंतले होते आणि तेही जेमतेम पुरत होते. कोणी वर बघितलं नाही. मला रडू फुटलं, आणि रडू आलं याचा संताप आला. दोन वर्षांचं सगळं घोकलेलं डोक्यात तयार होतं आणि मी तिथे भोकातल्या बोळ्यासारखी अडकून पडले होते. भाताची मला त्या क्षणी काडीची पर्वा नव्हती. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही, पण नव्हती.

आईने टोपली खाली टाकली. लुगडं आणखी वर खोचलं, आणि माझ्या बाजूने खांडीत उतरली. तिने आधी आपली पाठ माझ्या पाठीमागे आणून पाण्याला लावली, मग मला खांद्याने पुढे ढकललं आणि माझ्या जागेवर सरकली. म्हणजे काकांच्या शेजारी. खांद्याला खांदा. डोक्यावरचा पदर केव्हाच पाण्यात गेला होता.

चिखल टाकणारे हात थांबले. ज्या बाईने सतरा वर्षांत दिरापुढे तोंड वर केलं नव्हतं ती आता त्याला चिकटून उभी होती, ओलीचिंब, उघड्या डोक्याने, अख्ख्या गावासमोर. काकांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांचा सगळा जीव बाजूला व्हायला बघत होता. आणि त्यांना हलता येत नव्हतं. एक माणूस निघाला तर बांध जाईल, हे त्यांनीच नुकतं ओरडून सांगितलं होतं.

आई त्यांच्याकडे न बघता त्यांच्याशी बोलली. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊजी, तिला जाऊं द्या. तिच्या जागंवर मी हाय."

आई माझ्यावर खेकसली, "जा की आता! काय बघतेस?"

मी बांधावर चढले, दप्तर उचललं आणि पळत सुटले. पण मी मागे बघितलं. दहादा बघितलं. बांधाचं वळण येईपर्यंत दर थोड्या पावलांनी थांबून बघत होते, आईचं डोकं पाण्याच्या वर आहे ना. त्यापायी उशीर झाला असेल तर झाला. मागे बघितल्याने माझी वाट एक तसूभरही वाकडी झाली नाही, हे मी सरांना, त्या वाक्प्रचाराला आणि तो बनवणाऱ्याला ठणकावून सांगू शकते.

शाळेत पोहोचले तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. अंगावरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. दारात सरच होते.

"अर्ध्या तासानंतर आत घेत नाहीत," ते म्हणाले.

"मला घ्या," मी म्हणाले.

"कारण काय?"

"बांध फुटला होता."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हिला विनवणी करता येत नाही हे त्यांना व्हरांड्याच्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी पेपर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वेळ वाढवून मिळणार नाही." मी वेळ मागितलाच नव्हता.

तिसऱ्या प्रश्नात पाच वाक्प्रचार होते, अर्थ लिहा आणि वाक्यात उपयोग करा. त्यात नांगर होताच. मी अर्थ लिहिला, सरांनी सांगितला होता तसाच, फक्त शेवटचा तुकडा गाळून. वाक्यात मात्र माझा हात नांगर लिहायला तयार होईना. डोळ्यांपुढून ती खांड हलत नव्हती. मी इंग्रजीत लिहिलं, आमच्या गावात नांगर नाही, माझी आई आत्ता समुद्राला पाठ लावून उभी आहे आणि काम संपेपर्यंत ती निघणार नाही. खांडीला इंग्रजी शब्द माहीत नव्हता, तो मी इंग्रजी अक्षरांत तसाच ठेवला.

सरांनी त्या वाक्याला शून्य दिलं. पेपर वाटले तेव्हा मी भांडायला गेले. "अर्थ चुकला का?" मी विचारलं. ते म्हणाले, "अर्थ याच्यापेक्षा चांगला कोणी लिहिलेला नाही. पण वाक्प्रचार कुठे आहे?" मी म्हटलं, जो आमच्याकडे नाहीच तो मी कुठून आणू. ते हसले, पण गुण दिले नाहीत. मला एकूण अडतीस मिळाले, म्हणजे मी पास होते. तरी ते दोन गुण माझे होते आणि ते त्यांनी दाबले, असं माझं आजही मत आहे. पुढे मी स्वतः पेपर तपासायला लागले तेव्हा अशा वाक्याला मीही शून्यच दिलं असतं का, याचा मी विचार केलेला आहे. बहुधा दिलं असतं. पण माझ्या हाती तसं वाक्य कधी आलं नाही.

बांध वाचला. पाणी उतरायच्या आत खांड बुजली होती. पण आई घरी आली ती गावच्या तोंडचा विषय होऊनच. बांधाचं कोणी बोलत नव्हतं. बोलत होते ते ती कशी उभी राहिली त्याबद्दल. माझ्याबद्दलही, की पोरगी रांग सोडून पळाली. काका चार दिवस घरात जेवले नाहीत. सहामाहीचे गुण कळले तशी मी फॉर्म घेऊन त्यांच्यापुढे गेले, कारण सही पालकाची हवी होती.

काका ओटीवर बसून होते. म्हणाले, "तुझ्या आयशीला सांग, माझ्या पाया पड म्हणावं. गावासमोर चुकलं म्हणावं. मंग सही."

मी आत गेले. मला वाटलं आई पडेल पाया. खरं सांगायचं तर ती पडावी असंच मला वाटत होतं. पाया पडण्यात काय जातं, डोकं टेकवायचं आणि मोकळं व्हायचं. तिने आजवर हजारदा टेकवलं असेल. माझा फॉर्म होता तो. आईने तवा उतरवला, राख सारली आणि म्हणाली, "काय चुकलं माझं? बांध ऱ्हायला. तुझा पेपर झाला. कशापायी पाया पडू?"

"मग सही?"

"मी येते साळंत."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर निघाली, पुढच्या दाराने, ओटीवर बसलेल्या काकांच्या समोरून. पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढलेला नव्हता. शाळेची इमारत तिने पहिल्यांदाच पाहिली. कारकून म्हणाले, दप्तरात पालकाचं नाव दुसरं आहे, असं चालणार नाही. आवाज ऐकून सर बाहेर आले आणि म्हणाले, "आई पालक नाही तर मग कोण?" कारकुनांनी दप्तर मिटलं. फॉर्म टेबलावर आला.

सरांनी मात्र आईला खुर्चीवर बसवून नीट समजावलं. "बाई, हिला इंग्रजीशिवाय बसवलंत तर ही डोळे झाकून पास होईल. इंग्रजी घेतलं आणि त्यात गेली, तर सगळं मॅट्रिक गेलं. बाकी विषयांत कितीही मिळवू दे, नापास ती नापास. पुन्हा विचार करा."

आई खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली होती. तिने विचारलं, "इंग्लिश न घेता पास झाली तर तिला फुडं जाता येल?"

"कॉलेजात नाही."

"मंग तसल्या पासाचं आमी काय करायचं?"

"ही हट्टी आहे हो," सर म्हणाले. ते कंटाळून म्हणाले की कौतुकाने, ते मला कळलं नाही.

"व्हय," आई म्हणाली. "माझीच हाय." आणि तिने अंगठा पुढे केला.

वाक्प्रचाराचा खरा अर्थ मला कळला असेल तर तो त्या कचेरीत. खांडीत उतरणं सोपं होतं. तिथे विचार करायला वेळच नसतो, पाणी तुमच्या वतीने ठरवतं. इथे आईला खुर्ची दिली होती, सगळं समजावून सांगितलं होतं, परतीची वाट बोट धरून दाखवली होती, आणि तिने ती नीट बघून नाकारली. नंतर मी मुलींना हा वाक्प्रचार शिकवताना नेमकं हेच सांगत आले. उडी मारली म्हणजे झोकून दिलं असं नाही. मागचं सगळं दिसत असताना जो पुढे जातो, त्याच्यासाठी तो वापरा. पाठ्यपुस्तकात असं दिलेलं नाही. नसू दे.

मार्चमध्ये परीक्षा झाली. त्या सहा महिन्यांत काका आईशी मुलांकरवीही बोलले नाहीत. गावातल्या बायका पाणवठ्यावर तिला जागा द्यायच्या, पण तिच्याशी हसायच्या नाहीत. मी रोज पहाटे उठून वाचत होते आणि मला खात्री होती की मी पास होणार. इतकं सगळं झाल्यावर मी पास न होणं हे मला अन्यायच वाटलं असतं.

जूनमध्ये निकाल लागला. मी नापास झाले होते. गणितात पासष्ट, मराठीत एकसष्ट, इंग्रजीत एकतीस. पास व्हायला पस्तीस लागत.

शाळेतून घरापर्यंतची वाट मी कशी चालले ते आठवत नाही. ओटीवर काका होते. मला काही सांगावं लागलं नाही, तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "इंग्लिश नसतं तर आज तू पास व्हतीस." आणि ते खरं होतं. मी खांबाला धरून उभी राहिले आणि मनात म्हटलं, आता आई काय म्हणेल.

आई आतून आली. हात पिठाचे. ओटीच्या मधोमध, काकांच्या समोर, माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"किती कमी पडलं?"

"चार."

तिने हात लुगड्याला पुसले.

"फारम परत कवा भरायचं?"

"ऑगस्टात, ऑक्टोबरच्या परीक्षेला," मी म्हणाले.